मोटारगाडीची बॅटरी, अतिशीत हवामानातील

मोटारगाडीची बॅटरी, अतिशीत हवामानातील : शून्याखाली वीस-तीस अंश सेल्सियस किंवा त्याहूनही कमी तापमानात एंजिन सुरू करणाऱ्या शिसे-अम्ल बॅटरीचे वर्तन, तिच्या क्षमतेचे मापन आणि तिची निगा यांचा विचार या नोंदीत केला आहे. सायबीरियातील याकूत्स्क, अलास्कातील फेअरबँक्स, कॅनडातील विनिपेग व एडमंटन, फिनलंडचा उत्तर भाग आणि भारतात लडाख येथे हा प्रश्न दर हिवाळ्यात उभा राहतो.

शिसे-अम्ल घटाचे जनकत्व सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्तों प्लांते यांना (१८५९) दिले जाते. जर्मन वैद्य व भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म योझेफ झिनस्टेडेन यांनी १८५४ मध्येच सल्फ्यूरिक अम्लात बुडवलेल्या शिशाच्या पत्र्यांत वीज साठत असल्याचे नोंदवले होते. तथापि या निरीक्षणाला उपयुक्त साधनाचे रूप प्लांते यांनी दिले, म्हणून त्यांचाच मान प्रथम धरणे योग्य ठरते. कामीय फोर यांनी १८८१ च्या सुमारास पट्टिकांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची रीत आणली व घाऊक उत्पादन शक्य झाले.

ही बॅटरी मोटारगाडीत एंजिन सुरू करण्याच्या कामी केव्हा आली, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये एच. जे. डाउसिंग यांनी १८९६ मध्ये आर्नल्ड गाडीला विजेचा स्टार्टर जोडला होता. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना अशा यंत्रणेचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले, पण तिचा प्रसार झाला नाही. चार्ल्स केटरिंग यांचा ‘सेल्फ स्टार्टर’ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर नेमाने बसू लागला. काही सेकंदच चालायचे असल्याने मोटर लहान ठेवून तिच्यावर जादा भार टाकता येतो, हे त्यांनी ओळखले. शिवाय तेच यंत्र एंजिन चालू झाल्यावर जनित्र म्हणून बॅटरी भारित करी. या शोधामागे एक हकीकत सांगितली जाते. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर एका महिलेची बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करत होते. हँडल उलटे फिरून त्यांना इजा झाली व त्यातच ते दगावले, असे म्हणतात. काही वृत्तांतांत हा प्रसंग १९१० च्या हिवाळ्यातला आहे, पण कार्टर यांचे निधन १९०८ सालीच झाले होते. सबब ही हकीकत जपूनच वापरावी. थंडीत घट्ट झालेले एंजिन हँडलने फिरवणे जोखमीचे होते, एवढे मात्र निर्विवाद आहे.

थंडीत बॅटरीचा दाब फारसा घटत नाही. तापमानागणिक प्रत्येक घटाच्या विद्युत् चालक प्रेरणेत (प्रवाह घेत नसतानाच्या दाबात) होणारा फरक अंशाला मिलिव्होल्टच्या काही दशांशांइतकाच असतो. त्यामुळे गोठलेल्या पहाटे व्होल्टमापक बारा-साडेबारा दाखवतो, डॅशबोर्डचे दिवेही लागतात. किल्ली फिरवताच मात्र ते मंदावतात आणि बॉनेटखालून नुसती कट्-कट् ऐकू येते. अडचण दाबाची नसून प्रवाहाची असते. अम्ल दाटसर होते, त्यातील आयन पट्टिकांच्या छिद्रांत वेळेवर पोचत नाहीत आणि अंतर्गत रोध वाढतो. शिवाय ऋण पट्टिकेवर लेड सल्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक दाट थराने बसून आतला क्रियाशील पदार्थ झाकला जातो. ढोबळ हिशेबाने, −१८° से. ला बॅटरीची सुरू करण्याची ताकद उन्हाळ्यातल्या ताकदीच्या निम्म्यावर येते, तर तेल घट्ट झाल्याने एंजिनाची मागणी दुपटीच्या घरात जाते.

ऋण पट्टिकेवरील उपाय योगायोगाने सापडला. पूर्वी पट्टिकांमध्ये लाकडाचे पातळ पडदे असत. त्यांच्या जागी लाकूडविरहित पडदे आले, तेव्हा बॅटऱ्यांची, विशेषतः थंडीतील, कामगिरी खालावली. लाकडातून अम्लात झिरपणारे लिग्निन स्फटिकांची वाढ आवरत होते, असे त्यावरून ध्यानात आले. आज लिग्नोसल्फोनेट (लिग्निनपासून मिळणारे संयुग), बेरियम सल्फेट व काजळी यांचे मिश्रण ऋण लेपात मुद्दाम घालतात.

अम्ल गोठण्याचा प्रश्न यापासून वेगळा मानला पाहिजे. पूर्ण भारित बॅटरीतील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) १.२८ च्या आसपास असते आणि असे अम्ल −६०° से. च्याही खाली जाईपर्यंत द्रवच राहते. बॅटरी उतरत जाते तसे अम्ल पाण्याच्या जवळ येते : विशिष्ट गुरुत्व १.२० असता गोठणबिंदू सुमारे −२७°, १.१५ असता −१५° आणि १.१० असता −८° से. च्या आसपास असतो. पूर्ण उतरलेली बॅटरी त्यामुळे साध्याशा थंडीतही गोठते, कवच फुगते, कधी तडकते. अशा बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून वायर जोडणे धोक्याचे असते, कारण स्फोट होऊ शकतो. ती आधी ऊबदार जागी वितळू देऊन तपासावी लागते. सायबीरियातील ओइम्याकोन या गावी १९३३ मध्ये −६७.७° से. तापमान नोंदले गेले, तिथल्या −७१.२° च्या दाव्याला प्रत्यक्ष मापनाचा आधार नसल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. अशा थंडीत चांगली बॅटरीही सीमेवर येते, पण बहुधा त्याआधीच तेल थिजून एंजिन हलेनासे होते.

बॅटरीवर छापलेला शीत-प्रारंभ प्रवाहाचा (थंडीत एंजिन सुरू करण्यासाठी ती देऊ शकेल अशा प्रवाहाचा) आकडा वाचताना मानक कोणते ते पाहावे लागते. अमेरिकी एसएई (मोटार अभियंत्यांची संस्था) पद्धतीत −१८° से. ला ३० सेकंद तो प्रवाह घेऊन दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. युरोपीय ईएन मानकात १० सेकंदांनंतर ७.५ व्होल्टची, आंतरराष्ट्रीय आयईसी मानकात ६० सेकंदांनंतर ८.४ व्होल्टची अट आहे. जपानी मानकात −१५° से. तापमानही आढळते. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांना ९ व १५० सेकंदांना ६ व्होल्ट हवेत. परिणामी एकाच बॅटरीचा डीआयएन आकडा एसएई आकड्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरतो. −१८° हे तापमान निसर्गाने ठरवलेले नाही. ते फॅरनहाइटचे शून्य आहे. याकूत्स्कच्या −४५° ला बॅटरी कशी वागेल, हे त्या आकड्यावरून थेट काढता येत नाही.

बॅटरी थंडीने मरते की उन्हाळ्याने, यावर दोन मते आहेत. ऊन व एंजिनाची उष्णता यांनी धन पट्टिकांची जाळी गंजते, पाणी उडते. झालेली झीज हिवाळ्याच्या पहिल्या कडाक्यात उघडी पडते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पूर्ण भारित बॅटरीचा आपोआप होणारा ऱ्हास तर थंडीत उलट मंदावतो. मात्र थंड बॅटरी भार हळू स्वीकारते. त्यामुळे शहरातल्या छोट्या फेऱ्या, त्यात काचेचा व आसनाचा हीटर चालू, अशा वापरात ती पुरती भरतच नाही.

उत्तर अमेरिकेत एंजिनाला वीजतापक बसवतात. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांना अशा तापकाचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. विनिपेग-एडमंटनकडे वाहनतळांवर खांबाखांबाला सॉकेट असतात आणि गाडीच्या पुढच्या जाळीतून वायर लोंबत असते. याकूत्स्कमध्ये गाडी तासन्‌तास चालू ठेवणे, एंजिनावर जाड रजई घालणे किंवा रात्री बॅटरी काढून घरात नेणे रूढ आहे. लडाखमध्ये बॅटरीइतकाच डीझेल गोठण्याचा त्रास असतो, −३३° से. पर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डीझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे आणले.

लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते, म्हणून विद्युत् मोटारगाड्यांत ती आधी तापवून घेतात. त्यांतील पुष्कळ गाड्यांत बारा व्होल्टची लहान शिसे-अम्ल बॅटरी अजून असतेच. ती उतरली तर मोठ्या बॅटरीचे संपर्क जुळत नाहीत व गाडी जागची हलत नाही.