घोड्याच्या रक्तातला आकडा नेमका कधीचा?

घोड्याचं रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेऊन स्टँडवर उभं ठेवलं, तर अर्ध्या तासात त्याचे आपोआप दोन थर होतात. खाली गडद लाल, वर पिवळा द्रव. माणसाचं रक्त इतक्या लवकर खाली बसत नाही. घोड्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन झपाट्याने तळाला जातात. यात आजार काही नाही, घोड्याचं रक्त असंच वागतं. वरच्या द्रवाचा पिवळेपणा पाहून काविळीची शंका घेऊ नये. निरोगी घोड्याचा प्लाझ्मा पिवळाच असतो आणि दिवसभर उपाशी राहिलेल्या घोड्याचा आणखी पिवळा दिसतो.

आता त्याच घोड्याला भरधाव पळवा आणि थांबल्या थांबल्या दुसरी नळी भरा. या नळीतलं रक्त लवकर खाली बसत नाही, कारण ते फार दाट असतं. दोन्ही नळ्यांतला थेंब-थेंब केशनळीत, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या नळीत, घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवला, तर पहिल्यात तांबड्या पेशींचा थर ३५ ते ४० टक्के भरतो आणि दुसऱ्यात ६० टक्के किंवा त्याच्याही वर. या टक्केवारीला पीसीव्ही म्हणतात. घोडा तोच, शीर तीच, मधे गेली फक्त काही मिनिटं.

दोन्ही आकडे खरे आहेत. घोड्याच्या रक्ततपासणीत सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. रिपोर्टवरचा आकडा वाचला जातो, पण तो कोणत्या घडीचा आहे हे कुणी विचारत नाही.

या उलाढालीचं मूळ पोटाच्या डाव्या बाजूला, पाणथरीत म्हणजे प्लीहेत आहे. घोडा शांत उभा असताना त्याच्या एकूण तांबड्या पेशींपैकी तिसरा हिस्सा, काही घोड्यांत निम्म्याच्या आसपास, पाणथरीत साठवलेल्या असतात. तिथलं रक्त इतकं दाट असतं की त्यात ७० ते ८० टक्के नुसत्या पेशी. ५०० किलोच्या शर्यतीच्या घोड्यात हा साठा ६ ते १२ लिटरपर्यंत जातो. पाणथरीच्या आवरणात स्नायू असतो. अॅड्रेनलिन सुटलं की तो आवळला जातो आणि मिनिटाभरात साठा अंगभर खेळू लागतो. स्वीडनमधले संशोधक सुने पेर्सन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की घोड्याच्या अंगात एकूण तांबड्या पेशी किती हे ठरवायचं असेल, तर आधी पाणथरी रिकामी व्हावी लागते. शांत घोड्याच्या पीसीव्हीवरून तो हिशेब लागतच नाही.

याचा फायदा किती? एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. विश्रांतीत १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं, तर ऑक्सिजन साडेसतरा मिलिलिटरच्या आसपास. धावताना हिमोग्लोबिन २१ ग्रॅमवर गेलं की तो २८ मिलिलिटर. त्याच वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला ३०-४० वरून २२० च्या घरात जातात आणि हृदय मिनिटाला अडीचशे लिटरच्या वर रक्त फेकतं. घोड्याइतक्या वजनाच्या गाईला हे जमणार नाही. रक्त दाट झालं की ढकलायला जड जातं, ही या सोयीची किंमत. म्हणूनच निसर्गाने या पेशी कायम रक्तात न ठेवता गरजेपुरत्या बाहेर सोडल्या आहेत. काम थांबल्यावर त्या तासा-दोन तासांत हळूहळू पाणथरीत परततात.

पाणथरी आवळायला धावावंच लागतं असं नाही. नागपुरात लग्नसराईच्या दिवसांत वरातीची घोडी पाहा. ती तासाभरात जेमतेम अर्धा किलोमीटर चालते, पण कानाशी बँड, मागे डीजे, पायाशी फटाके. कान मागे गेलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. अशा घोडीचं रक्त त्या क्षणी घेतलं तर पीसीव्ही सहज ४५-५० निघेल. तबेल्यात सुई पाहून बिथरलेल्या घोड्याचंही तसंच. मालकाला वाटतं रक्त भरपूर आहे, आणि खरा अशक्त घोडा त्या आकड्याआड लपतो.

मग खरं काय ते कसं ओळखायचं? पीसीव्हीबरोबर प्लाझ्मातली एकूण प्रथिनं मोजायची. केशनळी प्लाझ्माच्या थरात मोडून एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून प्रथिनं सांगणाऱ्या छोट्या उपकरणावर, टाकला की काम होतं. निरोगी घोड्यात ती १०० मिलिलिटरला साधारण ६ ते ७.५ ग्रॅम असतात. पीसीव्ही ५० आणि प्रथिनं साडेसहा, म्हणजे बहुधा घाबरल्यामुळे पाणथरीतून आलेल्या पेशी. पीसीव्ही ५० आणि प्रथिनं साडेआठ, म्हणजे रक्तातलं पाणी कमी झालंय. हा दुसरा प्रकार आपल्या उन्हाळ्यात जास्त महत्त्वाचा.

काम करणाऱ्या स्नायूंनी तयार केलेली उष्णता घोडा मुख्यतः घामावाटे बाहेर टाकतो. कडक उन्हात जोराचं काम असेल तर तासाला १० ते १५ लिटर घाम जातो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा हवा कोरडी असते, घाम येतो तसा वाळतो आणि अंगावर फक्त पांढरे क्षार उरतात. घोडा ओला दिसत नाही म्हणून घामेजला नाही असं समजणं चूक. जूनअखेर पाऊस आला की पारा उतरतो, पण घरातला कुलर जसा त्या दिवसांत निकामी होतो तसाच घोड्याचा घामही. तो निथळत राहतो, वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून जुलैच्या दमट दिवसात ३४ अंशांतही घोडा मे महिन्याइतकाच तापू शकतो.

घोड्याच्या घामाची खरी खोड मात्र वेगळीच आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. पाणी जास्त जातं, मीठ कमी, त्यामुळे उरलेलं रक्त खारट होतं आणि मेंदू तहान लावतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना जास्त खारा. लिटरमागे सुमारे १० ग्रॅम क्षार जातात. पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरीने गेल्याने रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोपच मिळत नाही. बादलीसमोर उभा करूनही घोडा तोंड लावत नाही तेव्हा त्याला तहान नाही असं नसतं, ती त्याला कळलेलीच नसते. अशा वेळी आधी कोमट किंवा साधं मिठाचं पाणी द्यावं, लिटरला ९ ग्रॅम मीठ या प्रमाणात, आणि ते प्यायल्यावर साधं पाणी. खारं पाणी ज्या घोड्याला नवीन आहे तो ते नाकारतो, म्हणून चव आधीच लावून ठेवलेली बरी. साधं पाणी शेजारी कायम हवंच. रोजच्या खाण्यात १०० किलो वजनाला १० ग्रॅम मीठ, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला ३५ ग्रॅम, आणि घामाच्या दिवशी त्याहून जास्त.

खाण्याचा सोडा मात्र देऊ नये. थकलेल्या घोड्याच्या अंगात आम्ल साठलं असेल म्हणून सोडा पाजण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. लांब पल्ल्याच्या कामात नेमकं उलट घडतं. घामावाटे क्लोराइड जातं, त्याची जागा बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यातलाच घटक, घेतं आणि रक्त अल्कधर्मी होतं. त्यातच रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. मग एक चमत्कारिक लक्षण दिसतं. घोडा उभा असताना कूस आत-बाहेर उडते, आणि डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला तर प्रत्येक ठोक्याला एक झटका असा मेळ लागतो. श्वासपटलाची नस हृदयाला लागून जाते आणि कॅल्शियम कमी असलं की हृदयाच्या विजेनेच ती चेतते. असं दिसलं की काम तिथेच थांबवून सावलीत न्यावं आणि पशुवैद्यकाला बोलवावं. कॅल्शियम शिरेतून अगदी सावकाश, ठोके ऐकत द्यावं लागतं, त्यामुळे ते घरगुती काम नव्हे.

थोड्या वेळाच्या जोरदार धावेत रक्त खरंच आम्लधर्मी होतं. विश्रांतीत लॅक्टेट, म्हणजे जोराच्या कामात स्नायूंत तयार होणारं द्रव्य, लिटरला १ मिलिमोलच्या आत असतं, शर्यतीनंतर ते २० ते ३० पर्यंत जातं. त्याला विष समजू नये. ते इंधनच आहे आणि काही तासांत वापरलं जातं. धावेनंतर घोडा जागीच बांधून ठेवला तर ते सावकाश उतरतं, १५-२० मिनिटं चालवला तर लवकर. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा दोषही त्याच्यावर टाकू नये. स्नायूंना खरोखर इजा झाली असेल तर सीके हे एन्झाइम वाढतं. ते कामानंतर ४ ते ६ तासांनी सर्वाधिक असतं आणि भराभर उतरतं. एएसटी हे दुसरं एन्झाइम दुसऱ्या दिवशी चढतं आणि आठवडाभराहून जास्त रेंगाळतं. दोन्ही चढलेले असतील तर इजा ताजी, फक्त एएसटी चढलेलं असेल तर जुनी. सुट्टीच्या दिवशीही नेहमीइतकाच दाणा खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर पुठ्ठे ताठरून अडतो, घामाने डबडबतो आणि कोऱ्या कॉफीच्या रंगाची लघवी करतो. त्यात सीके हजारोंत जातं. ‘चालवला की मोकळा होईल’ म्हणून त्याला ओढू नये. प्रत्येक पावलाला आणखी स्नायू फाटतात आणि त्यांचा रंग मूत्रपिंडात अडकतो.

भरधाव धावेनंतर नाकातून रक्त आलं तर ते उन्हाने घोळणा फुटल्याचं समजून डोक्यावर पाणी मारून सोडून देऊ नये. ते बहुधा फुप्फुसातलं असतं. जोरात धावताना फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरपर्यंत चढतो आणि त्यांच्या पातळ भिंती फुटतात.

आता टॉनिकबद्दल, कारण नुकसान इथे जास्त होतं. नियमित कामाला लागलेल्या घोड्यात पहिल्या एक-दोन आठवड्यांतच प्लाझ्मा वाढतो. पेशी वाढायला महिने लागतात. त्यामुळे तयारीच्या सुरुवातीला शांत घोड्याचा पीसीव्ही उलट थोडा उतरलेला दिसतो. ही तब्येत सुधारल्याची खूण आहे, पण ‘रक्त कमी’ म्हणून लोहाचं इंजेक्शन दिलं जातं. चारा-गवतातून घोड्याला लोह पोटभर मिळतं आणि शिरेतल्या लोहाने घोडे दगावल्याच्या नोंदी आहेत. खरोखर रक्त कमी असेल तर कारण शोधावं. पावसाळ्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार, गोचिडांतून येणारा रक्तातला दुसरा परजीवी, आतड्यातले जंत. ताप चढलेला असतानाच रक्ताची काच तपासायला द्यावी. आणि एक गोष्ट ध्यानात असावी. घोड्याचा अस्थिमज्जा अर्धवट पिकलेल्या पेशी रक्तात सोडत नाही, त्यामुळे रिपोर्टवर रेटिक्युलोसाइट, म्हणजे अशा अर्धवट पेशींचा आकडा, शून्य आलं तरी घोड्यात त्याला अर्थ नसतो. दहा-बारा दिवसांनी तशाच शांत अवस्थेत पुन्हा घेतलेला पीसीव्ही जास्त सांगतो. पांढऱ्या पेशींचंही असंच आहे. मोठ्या कामानंतर किंवा ट्रकच्या प्रवासानंतर काही तास त्यांतल्या न्यूट्रोफिल प्रकारच्या पेशी वाढलेल्या असतात, लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं कारण नाही.

नमुना घेताना विश्रांतीचं रक्त पहाटे, दाणा घालण्याआधी, ओळखीच्या सईसाने धरलेलं असताना मानेच्या वरच्या तिसऱ्या भागातल्या शिरेतून घ्यावं. दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर पीसीव्ही चढतो, हे धरून चालावं. नळी खुणेपर्यंत भरावी आणि आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी. जोरात हलवली तर पेशी फुटतात. लॅक्टेटसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळीच हवी, कारण साध्या नळीत पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवतच राहतात आणि दुपारच्या उन्हात तर जोराने. शहराबाहेरच्या तबेल्यातून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत नमुना नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर कापड आणि त्यावर नळ्या. बर्फाला नळी थेट टेकली तर रक्त गोठून पेशी फुटतात. चिठ्ठीवर घोड्याच्या नावाबरोबर वेळ, शेवटचा दाणा कधी, काम कोणतं आणि संपून किती मिनिटं झाली, सावलीतलं तापमान आणि सुई लागताना घोडा शांत होता की बिथरलेला, एवढं लिहावं.