ह्युएनत्संगाचे महाराष्ट्रावरचे पान

चीनविषयीची पुस्तके वाचू लागलो की मी फिरून ह्युएनत्संगापाशीच येतो. शाळेतला 'युआन श्वांग' तो हाच, सातव्या शतकात भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्षू. त्याने महाराष्ट्राबद्दल जेमतेम दोनेक पाने लिहिली आहेत, पण प्रवासवर्णन कसे वाचावे हे मला त्या पानांनी शिकवले.

इथली माणसे साधी आणि प्रामाणिक, पण मानी आहेत, असे तो लिहितो. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघेही शस्त्रे घेऊन समोरासमोर येतात. हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नाही, त्याला बाईचे कपडे देतात. लढाईपूर्वी योद्धे दारू पितात, हत्तींनाही पाजतात. राजा चालुक्य पुलकेशी, आणि हर्षवर्धनाने स्वतः चाल करूनही त्याला नमवता आले नाही. हर्षाच्या त्या पराभवाचा दाखला इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखातही आहे, पण तो पुलकेशीच्याच दरबारी कवीचा, रविकीर्तीचा. ह्युएनत्संग तर हर्षाचा स्नेही. त्याने ही गोष्ट लिहिली म्हणून तिला वजन येते. तो इकडे आला ६४१ च्या सुमारास. ६४२ मध्ये पल्लवांनी चालुक्यांची राजधानी बादामी घेतली, म्हणजे पुलकेशीच्या वैभवाचे हे अगदी शेवटचे दर्शन.

पुढे तो पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन करतो. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वचरित्रातले प्रसंग, दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती. हे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत. विहार बांधणाऱ्या अर्हताचे, म्हणजे मुक्त झालेल्या भिक्षूचे, नाव तो आचार देतो, आणि त्याच्याशी जुळणारा स्थविर (ज्येष्ठ भिक्षू) अचलाचा उल्लेख सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात आहे. मात्र त्याने सांगितलेली सत्तर फुटी मूर्ती आणि तिच्यावर आधाराविना तरंगणारी सात छत्रे तिथे कुठेच नाहीत. ती ऐकीव माहिती असणार. एकाच परिच्छेदात हत्ती खरे आणि छत्रे ऐकीव, म्हणून वाचकाने डोळे उघडे ठेवायला हवेत.

ग्रंथात 'मी' जवळपास नाही, यामागेही इतिहास आहे. परदेशी जायला बंदी असताना तो चोरून निघाला होता. ६४५ मध्ये परतला, तेव्हा सम्राट ताइत्सुंगला पश्चिमेकडच्या देशांची माहिती हवी होती. त्याच्या सांगण्यावरून ६४६ मध्ये हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. साहजिकच प्रत्येक देशाचा घेर, राजधानी, जमीन, पिके, लोक, राजा, विहार हा क्रम तो सोडत नाही. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटून सगळे पाणी सांडले, तो माघारी वळला आणि पुन्हा पश्चिमेकडे फिरला, हे आपल्याला कळते ते त्याचा शिष्य ह्वेली याने लिहिलेल्या चरित्रातून. ही दोन पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावीत, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याला हे सगळे फार उशिरा मिळाले. १८५७-५८ मध्ये ज्यूलियँ याने फ्रेंच भाषांतर केले, १८८४ मध्ये बील याने इंग्रजी. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने याच वर्णनांच्या आधारे उत्तरेतली कितीतरी प्राचीन स्थळे शोधली.

परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली आणि काही पोथ्या वाहून गेल्या. तरी ६५७ ग्रंथ चीनला पोचले आणि त्यांच्या भाषांतरात त्याचे उरलेले आयुष्य गेले. ६५४ मध्ये त्याने नालंदाच्या भिक्षू ज्ञानप्रभाला पत्र लिहिले. गुरू शीलभद्रांच्या निधनाचे दुःख त्यात आहे, आणि सोबत सिंधूत गेलेल्या पोथ्यांची यादी: जमल्यास यांच्या प्रती पाठवाव्यात.