प्रिंटर शेअर करणं वेगळं, प्रिंट सर्व्हर लावणं वेगळं (जुना यूएसबी प्रिंटर असेल तर हे आधी वाचा)

चवथ जवळ आली की आमच्या फोंड्याच्या घरात प्रिंटरला उसंत नसते. आजीला आरत्या मोठ्या अक्षरात हव्या असतात, काकांना भजनाची पदं, वहिनीला सामानाची यादी आणि पुतणीच्या असाइनमेंट तर बारा महिने चालूच. प्रिंटर एकच, एचपी लेझरजेट १०२०, फक्त यूएसबी, वायफाय नाही की लॅनचं पोर्ट नाही, पण १२ए टोनर रिफिल करत करत अजून ठणठणीत चालतोय म्हणून तो बदलायचा विषयच निघत नाही. गेल्या वर्षी दादा दुकानात गेला, म्हणाला प्रिंटर नेटवर्कवर टाकायचाय, आणि एक छोटी प्रिंट सर्व्हरची डबी घेऊन आला. लावली, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, विंडोजमध्ये प्रिंटर दिसला, टेस्ट पेज पाठवलं आणि काहीच नाही. दोन दिवस आम्ही केबल बदलत बसलो, आणि केबलचा काही संबंधच नव्हता.

गोंधळ तिथेच आहे बघा. "नेटवर्कवर टाकणं" हे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे शेअरिंग. प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला राहतो, प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर टिक करायची, एक छोटं नाव द्यायचं, आणि बाकीचे कॉम्प्युटर त्या कॉम्प्युटरकडे काम पाठवतात. प्रिंटरशी बोलतो तो एकटाच. म्हणून तो चालू हवा, झोपलेला असला की सगळ्या घराचं प्रिंटिंग बंद. दुसरी गोष्ट म्हणजे प्रिंट सर्व्हर, मध्ये कॉम्प्युटरच नाही, एक डबी किंवा राउटरचं यूएसबी पोर्ट प्रिंटरला सांभाळतं आणि प्रत्येकजण थेट त्याच्याकडे पाठवतो, बहुतेक वेळा ९१०० नंबरच्या पोर्टवर (हे केबलचं पोर्ट नाही, नेटवर्कवरचं दार समजा). ऐकायला दुसरं केव्हाही चांगलं वाटतं, कोणाचा पीसी चालू ठेवायला नको.

पण साधी डबी प्रिंटरला ओळखत नाही. आलेला डेटा ती जसाच्या तसा यूएसबीवर ओतते, बस. ज्या प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करायच्या भाषा) कळतं, म्हणजे ज्याला स्वतःची अक्कल आहे, त्याला एवढं पुरतं. आपल्याकडे घराघरात आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० हे तसले नाहीत, हे होस्ट-बेस्ड प्रिंटर, पान तयार करायचं जवळजवळ सगळं काम कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, करतो. १०२० ची तर अजून एक गंमत आहे, त्याचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) त्याच्यात कायमचं साठवलेलंच नसतं. दर वेळी स्विच ऑन केला की ड्रायव्हर ते फर्मवेअर यूएसबीवरून आत पाठवतो आणि मगच तो पान घ्यायला तयार होतो. दादाच्या डबीकडे ते फर्मवेअर कुठून असणार? २९०० चं दुखणं वेगळं, त्याचा ड्रायव्हर प्रिंटरकडून सारखं उत्तर मागत असतो आणि एकाच दिशेने डेटा ढकलणाऱ्या डबीतून ते उत्तर परत येत नाही. डबी खराब नव्हती, आमच्या प्रिंटरसाठी ती चुकीची होती, आणि हे विकताना कोणीतरी विचारायला हवं होतं की प्रिंटर कुठला.

एक तिसरा प्रकारही प्रिंट सर्व्हर नावानेच विकला जातो, पण तो नेटवर्कवरून यूएसबीच ताणून देतो. कॉम्प्युटरवर त्याचं सॉफ्टवेअर टाकायचं, मग कॉम्प्युटरला वाटतं प्रिंटर आपल्यालाच जोडलाय. टीपी-लिंकच्या काही राउटरवर असं चालायचं. यात होस्ट-बेस्ड प्रिंटर चालू शकतो, पण एका वेळी एकाच कॉम्प्युटरला मिळतो, दुसऱ्याने आधीच्याने सोडायची वाट बघायची. घेताना बॉक्सवर बघा ही डबी कुठल्या जातीची आहे, आणि सुसंगत प्रिंटरच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर घेऊ नका.

आता शेअरिंगबद्दल, कारण बहुतेक घरांना तेच पुरतं आणि अडतं ते ठरावीक ठिकाणीच. सगळ्यात आधी बघा की दोन्ही कॉम्प्युटरवर वायफायचं प्रोफाइल प्रायव्हेट आहे का, पब्लिक असलं की विंडोज शेअरिंग बंद ठेवतं. होमग्रुप (घरातल्या शेअरिंगसाठी विंडोजमधली जुनी सोय) शोधत बसू नका, तो विंडोज १० मधून २०१८ मध्येच गेला. मग पासवर्ड. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना विंडोज युजरनेम-पासवर्ड विचारतं आणि लोक पिन टाकतात, पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आमच्याकडे वहिनी अर्धा तास यातच अडकली होती.

आणि २०२१ नंतर अजून एक भर पडली. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची कामं रांगेत लावणारा भाग) प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी सापडली, ती आणि तिच्या आसपासच्या त्रुटी बुजवायला मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले, शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनची परवानगी लागायला लागली आणि ११बी ने संपणारा एरर घरोघरी दिसायला लागला. काहीजण रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सुरक्षाच बंद करायला सांगतात, ते करू नका, मनापासून सांगतो. त्यापेक्षा दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधी ड्रायव्हर स्वतः टाका, मग प्रिंटर ॲड करताना नवीन लोकल पोर्ट बनवा आणि पोर्टच्या नावात दोन उलटे स्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, परत एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव लिहा. आमच्याकडे याने काम झालं.

तरी एक अडचण उरलीच. घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती, मध्ये राजांगण, आणि ज्या पीसीला प्रिंटर होता तो काकांचा, ते रात्री नऊला बंद करून झोपतात. प्रिंटर दुसरीकडे न्यायचा तर यूएसबीची केबल ५ मीटरच्या पुढे नेता येत नाही, लॅनची मात्र १०० मीटरपर्यंत चालते. म्हणून शेवटी रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर घेतला, राउटरजवळ ठेवला, त्यावर कप्स हे प्रिंटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकलं. हाही प्रिंट सर्व्हरच, पण अक्कल असलेला, कारण ड्रायव्हर त्याच्यावरच बसतो. १०२० साठी लिनक्सवर (विंडोजऐवजी पायवर चालते ती प्रणाली) फू२झेडजेएस नावाचा ड्रायव्हर आहे, फर्मवेअर पाठवायचं कामही पायच करतो. म्हणजे शेअरिंगमधला तो कायम चालू लागणारा पीसी इथे तळहाताएवढा झाला. फोनवरूनही प्रिंट जाते, जी विंडोजच्या शेअरिंगमधून सरळ जात नव्हती, पुतणी त्याच्यावरच सगळ्यात खूश आहे. तुमचा २९०० असेल तर मात्र पायच्या मागे लागण्याआधी विचार करा, कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायचा प्रोसेसर एआरएम नावाच्या वेगळ्या जातीचा, त्यापेक्षा जुना लॅपटॉप झोपमोड बंद करून शेअरिंगला ठेवलेला बरा.

पाय असो की डबी, राउटरमध्ये जाऊन त्याचा आयपी रिझर्व्ह करून टाका. पावसात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते माहीतच आहे, राउटर परत चालू झाला की कधीकधी नवीन आयपी वाटतो आणि प्रिंटर ऑफलाइन दिसतो, लोक ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात. राउटर आणि पाय छोट्या यूपीएसवर आहेत. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तापताना तो शेकड्यांनी वॅट ओढतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कागदाचं बंडल उघडं ठेवू नका, दमट कागद आत गुंडाळला जातो आणि सगळे नेटवर्कलाच दोष देतात.