ताइनो मण्याची नक्कल कशासाठी?

हाताशी लोखंड नाही आणि गारगोटीच्या मण्याला आरपार भोक पाडायचंय. क्यूबा, हिस्पॅनिओला, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटांवरचे ताइनो कारागीर १४९२ मध्ये कोलंबस येण्याआधीपासून हे करत होते. कसं, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही, आणि खरा मणी प्रयोगासाठी कोणी हाती देणार नाही. म्हणून पुरातत्त्वज्ञ नवे मणी घडवतात.

एक मणी चकमकीच्या टोकाने पोखरायचा, दुसरा लाकडी काडी आणि ओल्या वाळूने. दुसऱ्या प्रकारात झिजवण्याचं काम वाळूचे कण करतात, काडी त्यांना नुसती फिरवते. दोन्हींचे ओरखडे वेगळे उमटतात. मग जुन्या मण्याच्या भोकाचा सिलिकॉनचा ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली नव्याशी ताडून पाहतात. भोक दोन्ही बाजूंनी पाडलं असेल तर ते आतून डमरूसारखं मध्ये निमुळतं असतं. काठ एकाच बाजूला गुळगुळीत झिजलेला दिसला, तर मणी दोऱ्यात ओवून बराच काळ वापरलेला असावा. नक्कल दोऱ्यात घालून झिजवली की हा अंदाजही तपासता येतो.

पर्यटकांच्या दुकानांतल्या रेझिनच्या सेमी, म्हणजे ताइनोंच्या देवमूर्ती, यातलं काही शिकवत नाहीत. साच्यातून फक्त आकार उतरतो. तरी ‘ही नक्कल आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माझी तक्रार नाही. गळ्यात ताइनो लोलक हवा असणाऱ्याने उकरून काढलेल्या वस्तूच्या मागे लागण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

उकरण्यात काय हरवतं, हे ईशान्य क्यूबातल्या एल चोर्रो दे माइता इथल्या दफनभूमीवरून कळतं. तिथे सांगाड्यांसोबत पत्रा वळवून केलेल्या धातूच्या बारीक नळ्या सापडल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्या पितळेच्या ठरल्या. कोलंबसपूर्व अमेरिकेत पितळ नव्हतं. युरोपीय कपड्यांच्या नाड्यांची टोकं विसकटू नयेत म्हणून बसवलेल्या त्या टोप्या होत्या, आणि ताइनोंनी त्यांचे दागिने केले! चकाकणारं, विशिष्ट वासाचं पितळ त्यांना शुद्ध सोन्याहून मोलाचं वाटे, असं अभ्यासक मानतात. त्याच नळ्या एखाद्या चोरबाजारात सुट्या मिळाल्या असत्या, तर त्या कुणा स्पॅनिश शिपायाच्या कपड्यांवरून गळून पडल्या की ताइनो बाईसोबत पुरल्या होत्या, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता आलं नसतं.