छाननीत अर्ज कुठे अडतो? ग्रामपंचायत लढवू पाहणाऱ्या तरुणांसाठी

गावात वाचनालय चालवणारी, पाण्याच्या टँकरसाठी तहसीलवर धडकणारी, ग्रामसभेत उभं राहून हिशेब मागणारी पोरं-पोरी एके दिवशी ठरवतात की आता सदस्य म्हणून उभं राहायचं. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं मतपत्रिकेपर्यंत पोचतच नाहीत, छाननीच्या टेबलावरच गळतात. कारण शोधायला गेलं तर ते त्यांच्या कामात नसतं, घरात असतं: आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांनी थकवलेली घरपट्टी, घराखालची जागा. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर यातलं काहीही दुरुस्त करायला वेळ उरत नाही. खालची माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे आणि ती निवडणुकीच्या वर्षभर आधी वाचायची आहे.

पात्रतेच्या मूळ अटी थोड्या आहेत. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी वय २१ पूर्ण हवं आणि त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं. १८ व्या वर्षी मत देता येतं म्हणून उभंही राहता येतं, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. दुसरी अट तरुणांनाच लागू होते: १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असायला हवं. ही अट फक्त सरपंचपदासाठी आहे असं २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीचे अर्ज भरताना अनेकांनी धरलं होतं, पण ती सदस्यालाही आहे. सातवीचं गुणपत्रक हरवलं असेल तर शाळेकडून आत्ताच प्रमाणपत्र घ्या. दहावी-बारावी झालेल्यांनी त्यांचं गुणपत्रक जोडलं तरी चालतं.

मतदार यादीची गंमत वेगळी आहे. ग्रामपंचायतीची यादी नव्याने तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील, तीच प्रभागांत विभागली जातात. त्या तारखेनंतर तुमचं नाव विधानसभेच्या यादीत आलं, हातात ओळखपत्रही पडलं, तरी या निवडणुकीपुरतं ते नाव नाही. प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हाही नवं नाव घालून मिळत नाही. प्रभाग चुकला असेल किंवा मूळ यादीतलं नाव उतरवताना गळलं असेल, तर तेवढं दुरुस्त होतं. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी तिकडे नाव नोंदवलं असेल, तर गावातलं नाव कधीच कापलं गेलेलं असू शकतं. तेही आधी बघा. उमेदवार गावातल्या कोणत्याही प्रभागाचा मतदार असला तरी चालतो, सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा) मात्र ज्या प्रभागातून लढायचं त्याच प्रभागाचा लागतो.

आता ज्या कागदापायी सर्वांत जास्त उमेदवार रडतात, त्याकडे येऊ.

जात वैधता

राखीव जागेवर लढायचं तर अर्जासोबत जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (तो दाखला तपासून खरा ठरल्याचा कागद), दोन्ही लागतात. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. आदिवासींसाठी वेगळ्या समित्या आहेत आणि त्या प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. दाखला आहे म्हणजे झालं, असं समजून येणारे उमेदवार दर निवडणुकीला भेटतात.

समिती पुरावा मागते तो ठरावीक तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे पंचविशीतल्या उमेदवाराला आजोबांचा, कधी पणजोबांचा कागद शोधावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. गेलेच नसतील (आणि बहुतेकांचे गेलेले नसतातच) तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत जात लिहिलेली असते. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मराठवाड्यात हीच वेळ उर्दू नोंदींवर येते. त्या नोंदींत आडनाव नसतं, नुसतं ‘रामा वल्द भिवा’ (म्हणजे भिवाचा मुलगा रामा) असतं. तो रामा तुमचाच आजोबा, हे वंशावळीच्या शपथपत्रावरून आणि मधल्या पिढीच्या कागदांवरून जुळवावं लागतं. एका कागदावर रामा आणि दुसऱ्यावर रामचंद्र असेल तर त्याचा खुलासा शपथपत्रात आधीच करा, त्रुटीचं पत्र येईपर्यंत थांबू नका.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता असेल, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, चुलता, आत्या, तर काम फार सोपं होतं. शिक्षणासाठी बहिणीने काढलेली वैधता घरात पडून असते आणि भाऊ कोतवाल बुकामागे पळत असतो, असंही होतं. आधी घरात विचारा.

लग्न झालेल्या मुलींनी एक लक्षात ठेवायचं: जात माहेरची, कागद माहेरचे. दाखला वडिलांच्या मूळ गावाच्या प्रांताकडून निघतो, सासरच्या नाही. नवऱ्याच्या दाखल्यावर काहीही होत नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि याच एका गोंधळामुळे चांगल्या काम करणाऱ्या सुना मागे पडतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र काढलेलं असेल तर दोन्ही नावांची सांगड लागते.

वैधता हातात नसेल तर बहुतेक निवडणुकांत सवलत मिळत आली आहे: समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ‘निवडून आल्यावर मुदतीत वैधता सादर करीन’ असं हमीपत्र. पण यात दोन फसगती आहेत. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे अर्ज केला असं होत नाही. छापील प्रत कागदांसह समितीकडे देऊन तिची पोच घ्यायची. आणि ही मुदत कधी सहा महिन्यांची असते, कधी बारा. ती आयोगाच्या त्या-त्या वेळच्या आदेशातच वाचा, मागच्या वेळच्या सदस्याला विचारू नका. मुदत टळली की निवड आपोआप रद्द होते. समितीने उशीर केला हे कारण चालत नाही; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मुदत बंधनकारकच ठरवली. उशीर समितीचा आणि खुर्ची सदस्याची, हा न्याय पटण्यासारखा नाही, पण कायदा तसा आहे.

घरपट्टी, जागा, शौचालय

मागणीचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत घरपट्टी-पाणीपट्टी न भरणारा अपात्र ठरतो. तरुणांना धक्का बसतो तो पुढच्या ओळीत: एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना अपात्र करते. ‘माझ्या नावावर घरच नाही’ हे उत्तर त्यामुळे उपयोगाचं नाही. नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, वडिलांच्या, आजोबांच्या नावावर जे काही लागलं आहे त्याची बाकी विचारा, ती अर्ज भरण्याचा दिवस उजाडण्याआधी भरा, पावती घ्या आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही घ्या. बिल मिळालंच नव्हतं हा मुद्दा कोर्टात टिकू शकतो, पण छाननीच्या दिवशी पावतीइतकं बळ त्यात नसतं.

जागेचं प्रकरण जास्त नाजूक. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र असतो. नमुना ८ ला नाव आहे म्हणजे जागा आपली, हा गावोगावचा समज खोटा आहे. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीची नाही. गायरानावरचं घर वडिलांनी बांधलं असलं तरी त्यात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही अतिक्रमणाची अपात्रता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. अतिक्रमण नियमित केल्याचा आदेश असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. निवडून आल्यावरही याच मुद्द्यावर विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करतात.

घरात शौचालय असून ते नियमित वापरत असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. घर भाड्याचं असेल किंवा सार्वजनिक शौचालय वापरत असाल तरी दाखला मिळतो, फक्त तसा मजकूर लागतो. कायद्यात ग्रामसभेच्या ठरावाचा उल्लेख आहे, म्हणून वर्षातल्या एखाद्या ग्रामसभेतच तो करून घ्या. कार्यक्रम लागल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेब कधी प्रशिक्षणाला असतात, कधी दुसऱ्या गावच्या चार्जवर.

१२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्रता आहे. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरली जातात. ग्रामपंचायतीचा पगारी नोकर असाल किंवा ग्रामपंचायतीच्या ठेक्यात तुमचा हितसंबंध असेल तर आधी त्यातून बाहेर पडा.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापायचा, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. ऑनलाइन भरून थांबलेला अर्ज दाखल झालेला नसतो. अर्जासोबतच्या घोषणापत्रातला कोणताही रकाना रिकामा सोडू नका, लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. शेवटच्या दिवशी सर्व्हर कोलमडतो. २०२० च्या डिसेंबरात तो इतका रखडला की आयोगाला कागदी अर्ज घ्यावे लागले आणि वेळही वाढवावी लागली. पुढच्या वेळी तशी मेहेरबानी होईलच असं धरू नका. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं लागतं, ते आधीच उघडा.

सदस्याच्या खर्चाची मर्यादा ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येवर ठरते; आधी ती ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत २५ हजार, ११ ते १३ मध्ये ३५ हजार, १५ ते १७ मध्ये ५० हजार रुपये अशी होती, आत्ताची मर्यादा आयोगाच्या आदेशातच वाचा. हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा. पडलेल्यांनीही आणि बिनविरोध आलेल्यांनीही. पडलेला पोरगा कामाला लागतो, हिशेब विसरतो आणि पाच वर्षांनी पुन्हा उभं राहायला जातो तेव्हा अपात्रांच्या यादीत स्वतःचं नाव बघतो. ही अपात्रता पाच वर्षांपर्यंत असू शकते. खर्च शून्य असेल तर शून्याचा हिशेब द्या आणि पोच जपा.

अर्ज बाद झालाच तर अधिकाऱ्याशी वाद घालण्यात दुपार घालवू नका. कारणांसह लेखी आदेशाची प्रत मागा. निवडणूक चालू असताना न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. दाद मागायची ती निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत, दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक अर्ज करून. हे १५ दिवस निकालापासून मोजायचे, अर्ज बाद झाल्यापासून नाही.