सभाधीट झालं पोर, मग पुढे?

एप्रिल उजाडला की नागपुरात खिडक्यांना कूलर लागतात आणि खांबांना व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचे फलक. ‘मुलांची लाज घालवा, आत्मसन्मान वाढवा.’ लाज घालवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला खुपतो तो मधला स्वल्पविराम. एक झालं की दुसरं आपोआप झालंच, असं तो बिनदिक्कत सांगून टाकतो.

मी वीसेक वर्षं सूत्रसंचालन करते, त्यामुळे सभाधीटपणाबद्दल फार सांगत बसत नाही, तो तुम्हालाही ठाऊक आहे. आधी दोन मैत्रिणींसमोर, मग वर्गात, मग मंचावर असं बोलत गेलं की छातीतली धडधड आपसूक उतरते. काहीही भयंकर घडत नाही, हे शरीराला कळलेलं असतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पाहुणे आले की मी धान्याच्या कोठीमागे दडायची. आई सगळ्यांसमोर ओरडायची, “अशी घुम्यासारखी काहून बसली? काकांना कविता म्हणून दाखव!” (घरोघरी अजूनही हे चालतं. कृपा करून बंद करा.) तीच मी कॉलेजात तीन वर्षं वक्तृत्व स्पर्धा करून माईकला सरावले. आणि लाजणं हे काही दुर्मीळ दुखणं नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी 1970च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये पाहणी केली, तेव्हा सुमारे 40 टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचं सांगितलं होतं.

अबोल आणि लाजाळू यांचीही गल्लत होते, पण ती किरकोळ. अबोलाला बोलायचं नसतं. लाजाळूला बोलायचं असतं, पण जीभ उचलत नाही.

खरा घोळ पुढे आहे. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 साली आत्मसन्मान मोजायला दहा विधानांची एक पट्टी तयार केली. ती आजही जगभर वापरतात. त्यात मंच, माईक, भाषण यांचा उल्लेखही नाही. विधानं साधारण अशी: निदान इतरांच्या बरोबरीची तरी माझी किंमत आहे; कधी कधी मी अगदीच निरुपयोगी आहे असं वाटतं. म्हणजे तुम्ही चारचौघांत काय करता हे ती विचारतच नाही. एकटे असताना स्वतःला काय भावाने मोजता, तेवढंच विचारते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आदल्या रात्री मी खचाखच भरलेल्या सभागृहात अडीच तास बोलले होते. सकाळी बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन पोह्यांच्या ठेल्यावर गेले. पोरगा इतका लाजरा की दुकानात गेला तर माझ्या ओढणीआड उभा राहतो. मी तर्री वेगळी सांगितली होती, त्याने सुके पोहे. दोन्ही प्लेटी लालभडक तर्रीत बुडून आल्या. मी मुकाट्याने चमचा घातला. पोरगा उठला. त्याचे कान लाल झालेले. पुढची दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत थांबला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला, “भाऊ, मी सुके सांगितले होते.”

“अबे, मग जोरानं बोल ना!” म्हणत त्याने प्लेट बदलून दिली. पोरगा परत येऊन निवांत खाऊ लागला, जणू काही झालंच नाही.

आता माझं बघा. मी काही त्या भाऊला घाबरत नव्हते. त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारू शकले असते, हसवलंही असतं. माझ्या मनात आलं ते एवढंच: गर्दी आहे, माझ्या एकटीसाठी कशाला त्याला त्रास. धीटपणा माझ्याकडे होता, सन्मान त्या पोराकडे. तो घाबरतो, पण आपलं म्हणणं मांडण्याइतके आपण मोठे आहोत याबद्दल त्याला शंका नाही. मला भीती नाही, आणि शंका मात्र रोजची.

टाळ्यांनी ही शंका का फिटत नाही, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली एका अपूर्णांकात देऊन ठेवलं आहे. आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. स्वतःचाच दाखला त्यांनी दिला आहे: ग्रीक येत नाही याचं त्यांना काही वाटत नसे, पण मानसशास्त्र दुसऱ्याला आपल्याहून जास्त येतं म्हटलं की जिवाला लागे. ग्रीक छेदात नव्हतंच ना! शिबिरं अंश वाढवतात. पण प्रत्येक टाळीबरोबर छेदही वाढतो, हे कोणी सांगत नाही. एका कार्यक्रमात माझ्याकडून पाहुण्यांचं आडनाव चुकलं. बाकी सगळं छान झालं होतं, लोक मागे येऊन सांगत होते, आणि मी मात्र स्कूटीवर घरी येईस्तोवर तेच एक आडनाव चघळत होते. कॉलेजात असतं तर हसून सोडलं असतं. तेव्हा चुकायची मुभा होती.

म्हणून ‘वा, अप्रतिम, तुझ्यासारखं कोणीच नाही’ या कौतुकाचाही मला तिटकारा आहे. 2014 साली नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात मुलांनी एका प्रसिद्ध चित्राची नक्कल केली आणि त्यांना एका चित्रकाराच्या नावाने शेरा मिळाला. कोणाला ‘सुंदर’, कोणाला ‘अविश्वसनीय सुंदर’. मग पुढचं चित्र सोपं की अवघड, ते मुलांनीच निवडायचं होतं. आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांना फुगवलेलं कौतुक मिळालं, तेव्हा ती अवघड चित्र टाळू लागली. साहजिकच आहे, छेद एका शब्दाने आभाळाला नेऊन भिडवलेला! त्यापेक्षा ‘हे झाड मला आवडलं, पान कसं काढलंस?’ असं विचारा. आणि चित्र बिघडलं त्या दिवशीही पोराला नेहमीसारखंच जेवायला हाक मारा. माझं मत विचाराल तर शिबिराच्या फीपेक्षा ही हाक जास्त कामाची.

‘लहानपणी राहिलं ते राहिलंच’ म्हणणाऱ्या काकूंनाही जरा थांबवायला हवं. 2018 साली 1,64,868 लोकांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात सरासरी आत्मसन्मान तरुणपणी झपाट्याने आणि पुढे हळूहळू साठीपर्यंत वाढताना दिसला. साठीपर्यंत! धीटपणा एका सुट्टीत येतो, म्हणून आत्मसन्मानाचीही पावती सुट्टीतच मागतात.

परवा त्याच ठेल्यावर पुन्हा तर्री पोह्यांतच आली. मी वाक्य मनात दोनदा घोळवलं, पुढचं गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि म्हटलं, “भाऊ, तर्री वेगळी सांगितली होती.” त्याने न बघता प्लेट बदलली. मंचावर जायच्या आधी मला वाक्य घोळवावं लागलं, त्याला वर्षं झाली.