कलास्वाद : पौर्वात्य आणि पाश्चात्त्य परंपरा

चित्र, शिल्प, संगीत, नृत्य, नाट्य यांसारख्या कलांचा जाणतेपणाने घेतलेला आनंद म्हणजे कलास्वाद. रसग्रहण हा शब्दही याच अर्थाने रूढ आहे. कलाकृतीचे मोल ठरवणारी समीक्षा आणि सौंदर्य म्हणजे काय हे विचारणारे सौंदर्यशास्त्र, या दोहोंच्या आधी आस्वाद येतो. प्रत्येक परंपरेतील कला आपल्यासमोर विशिष्ट प्रेक्षक गृहीत धरून घडते. तो कुठे उभा राहील, किती वेळ देईल, केव्हा गप्प बसेल आणि केव्हा दाद देईल, हे तिच्या घडणीतच मुरलेले असते. परक्या कलेचा आस्वाद घेणे म्हणजे बव्हंशी ही प्रेक्षकाची जागा शोधून काढणे होय.

फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर चित्रकार मासाच्चोने सुमारे 1427 मध्ये रंगवलेले ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र पाहावे. क्रूसामागे कमानदार छताची खोली दिसते. भिंत फोडून कुणी देवघर बांधले आहे असे वाटते. छताच्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन मिळतात. नेमक्या जागी उभे राहिले की खोली खरी होते, बाजूला सरकले की तो भास सैलावतो. यथादर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याचे, हे शास्त्र आल्बेर्तीने 1435 मध्ये ग्रंथात मांडले आणि पुढची काही शतके युरोपीय चित्राने प्रेक्षकाला एका बिंदूवर उभे केले.

चिनी गुंडाळीचित्राला असा बिंदूच नाही. ते मेजावर ठेवून उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर उलगडायचे. डावा हात पुढचे उलगडतो, उजवा मागचे गुंडाळत जातो. नजर पायवाटेने चालू लागते, पूल ओलांडते, धुक्यात हरवते, पुन्हा डोंगरावर निघते. कागदावर उमटलेले तांबडे शिक्के आणि कडेची हस्ताक्षरे ही आधीच्या धन्यांची आणि रसिकांची असतात, म्हणजे पाहणाऱ्यांचा आस्वादही चित्राचा भाग होतो. संग्रहालयात हीच गुंडाळी काचेखाली पूर्ण उलगडून मांडतात तेव्हा ती लांबलचक भित्तिचित्रासारखी एका दमात पाहिली जाते. जपणुकीसाठी ते गरजेचे असेलही, पण चित्राचे चालणे तिथे थांबते. चिनी चित्रविचारात ‘शिये हे’ या चित्रसमीक्षकाने सांगितलेल्या सहा तत्त्वांपैकी पहिले प्राणाच्या स्पंदनाचे आहे, हुबेहूबपणाचे नव्हे.

भारतीय परंपरेने आस्वादाचा विचार केला तो मुख्यतः रंगभूमीच्या अंगाने. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त रसाला जेवणाची उपमा आहे : नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न प्रसन्न मनाचा माणूस चाखतो, तसा प्रेक्षक भाव चाखतो. काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताने हा विचार फार खोल नेला. त्याने दिलेले उदाहरण ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले आहे. राजाचा रथ पाठीशी आहे, हरीण मान वळवून पुन्हापुन्हा मागे पाहते आहे, अर्धवट चावलेले दर्भ त्याच्या तोंडातून वाटेवर गळत आहेत. प्रेक्षकाला इथे भय जाणवते. पण ते ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘ते भ्याले’ असेही नसते. स्थळकाळाचे, माझे-तुझेपणाचे कवच गळून नुसते भय उरते आणि ते चाखता येते. याला साधारणीकरण म्हणतात. ते ज्याला साधते तो सहृदय. आस्वादक घडावा लागतो, हे या परंपरेने फार लवकर आणि फार नेमके ओळखले, असे म्हणायला हवे.

‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’त वज्र राजाला मूर्तिशास्त्र शिकायचे असते. मार्कंडेय सांगतो की त्यासाठी चित्र कळले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. चोळ काळातील कांस्य नटराज पाहताना हे पटते, कारण मूर्तीचा तोल हा नृत्यातला तोल असतो. अशा उत्सवमूर्तींच्या बैठकीला अनेकदा भोके असतात. त्यांतून दांडे घालून वस्त्रे-हार ल्यालेली मूर्ती खांद्यांवरून मिरवायची. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्ये सौंदर्याचा निवाडा हेतुनिरपेक्ष असतो असे प्रतिपादन केले. संग्रहालयातला शांत, स्पर्शवर्ज्य प्रेक्षक त्या विचाराशी जुळतो. मिरवणुकीतला भाविक मात्र दुसऱ्याच वाटेने त्याच मूर्तीपाशी पोचतो.

प्रयोगकलांत प्रश्न वेळेचा आणि प्रतिसादाचा असतो. हिंदुस्तानी गायनात समेवर आलेल्या सुंदर जागेला तिथल्या तिथे ‘वा!’ मिळते, आणि ती दाद पुढच्या गाण्याला उभारी देते. पाश्चात्त्य सिंफनीत दोन खंडांच्या मधेसुद्धा टाळी वाजवत नाहीत. ही शिस्त मात्र सनातन नाही : 1778 मध्ये पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीच्या मध्यातच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्याचे मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवले होते. उलट 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रेम भरपूर होते, वादन कुठे सुरू होते हे कानाला ठाऊक नव्हते. जपानी नोह नाट्यात लाकडी मुखवटा किंचित वर उचलला की उजळतो, खाली झुकला की झाकोळतो. एवढ्याशा हालचालीत सगळे दुःख असते. वेगाची सवय झालेल्या डोळ्याला ते निसटण्याचीच शक्यता जास्त.

चुकीच्या जागेवरून पाहिले की काय होते, याचे ठळक उदाहरण 1910 चे आहे. लंडनमधील एका सभेत जॉर्ज बर्डवुड यांनी जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. ग्रीक शिल्पातले पिळदार स्नायू शोधणाऱ्या नजरेला ध्यानस्थ देहाची स्थिरता दिसलीच नाही. चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन, आनंद कुमारस्वामी, हॅवेल आदींनी त्याच वर्षी भारतीय कलेच्या प्रसारासाठी इंडिया सोसायटी स्थापन केली, त्यामागे या वादाचा मोठा वाटा होता.

‘पौर्वात्य’ आणि ‘पाश्चात्त्य’ हे कप्पे सोयीचे आहेत, त्याहून अधिक नाहीत. बायझंटाइन प्रतिमाचित्रांना एकबिंदू यथादर्शन लागू पडत नाही, चर्चमधील ग्रेगोरियन गायनात एकच स्वररेषा असते, तर जावाच्या गामेलान या वाद्यमेळात सुरांचे अनेक थर एकत्र वाजतात. शिवाय देवाणघेवाण अखंड चालू आहे. जर्मन नाटककार ब्रेख्टने 1935 मध्ये मॉस्कोत चिनी नट मेई लानफांग यांचा अभिनय पाहिला आणि प्रेक्षकाला नाटकात गुंगू न देता विचार करायला लावणाऱ्या दुरावा-तंत्राच्या आपल्या विचाराला त्यातून बळ घेतले. जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट आज जपानी चित्रकलेची खूणच बनली आहे. पण तिच्यातला गडद निळा हा बर्लिनमध्ये शोधलेला प्रशियन ब्लू आहे, आणि लाटेच्या पोकळीत फुजी पर्वत इतका चिमुकला दिसतो तो युरोपीय यथादर्शनाच्या अभ्यासामुळे. पुढे 1905 मध्ये क्लोद दब्यूसीची ‘ला मेर’ ही समुद्रावरची वाद्यवृंदरचना पॅरिसमध्ये छापून निघाली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर हीच लाट होती.